हेडलीची सकाळची गोळी

लिटल गल कोव्ह, न्यूफाउंडलंड
३ मे

प्रिय व्हर्ना,

तुझं पत्र आणि मोजे दोन्ही पोचले. तुझ्या बाबाने मोजे लगेच चढवले आणि म्हणाला, "हॅलिफॅक्सच्या दुकानातले मोजे! हे काय मोजे आहेत? नुसती भोकं एकमेकांना जोडून ठेवलीत." म्हणजे आवडले. तेव्हापासून काढायला तयार नाही, धुवायलासुद्धा.

इकडे आम्ही बरे आहोत. ईशान्येचा वारा धरून बसलाय आणि समुद्रावरचा सगळा बर्फ ढकलत ढकलत आमच्या खाडीत आणून कोंबलाय. खेकड्यांचा हंगाम उघडला, पण बोटी धक्क्याला बांधलेल्या. तुझा सेल्बीकाका दिवसभर धक्क्यावर उभा राहून बर्फाला शिव्या देतो. कोंबड्या अंडी देतायत. चर्चच्या छपराची गळती थांबली. एवढीच बातमी.

तू विचारलंयस, आई, हल्ली फोन का करत नाहीस? अगं, फोन कुठे आहे? स्वयंपाकघरात. दिवाण कुठे आहे? स्वयंपाकघरात. आणि दिवाणावर फेब्रुवारीपासून कोण बसलंय ते तुला ठाऊकच आहे. मोबाइल लागतो तो फक्त कब्रस्तानाच्या टेकडीवर. मी तिथे जाऊन उभी राहिले तर तुझ्या बाबाला वाटायचं, ही बया आपल्यासाठी जागा बघायला गेली! म्हणून डल्सीच्या पोस्टात, तिच्या गल्ल्यामागच्या स्टुलावर बसून लिहितेय. पत्रं आणायला जाते म्हणून सांगून निघाले. डल्सी म्हणते, "एफी, पत्रं आणायला एवढा वेळ लागतो तर त्याला काय वाटेल, मी ती वाचून दाखवते?"

तुला खरं सांगू? माझा कोंडमारा झालाय. तीस वर्षं हा माणूस समुद्रावर आणि मी घरात एकटी राणी. रेडिओ माझा, चूल माझी, बुधवारचा बिंगो माझा. रोज मनात म्हणायचे, देवा, याला जरा घरी राहू दे. ऐकलं देवाने. देवाशी बोलताना माणसाने जपून बोलावं. आता मी कपडे वाळत घालायला मागे गेले की याचं तोंड खिडकीत. कोंबड्यांना दाणे टाकायला गेले की हा दारात. "एफी, चहा गार होतोय." मी चहा केलेलाच नसतो गं! पण चहाचं निमित्त आहे हे तोही बोलत नाही आणि मीही बोलत नाही. बिंगो बंद. डल्सीकडे पाय मोकळे करणं बंद. सकाळी ओटमीलची खळ, दुपारी उकडलेला मासा, संध्याकाळी दुर्बीण लावून बर्फ बघणं.

"व्हर्ना इथे असती तर बरं झालं असतं," असं काल दोनदा म्हणाला. तू तिकडे लक्ष देऊ नकोस. काम कर तुझं.

हां, एक विचारायचं होतं. नाताळात जेवणाच्या टेबलावर रश्शाचे थेंब पाडून तू तुझं काम समजावून सांगत होतीस ना, रक्ताच्या नळ्या, पांढऱ्या पेशी, गाठी कशा होतात ते? मी भांडी घासत होते, अर्धंमुर्धं कानावर पडलं. ते सगळं नीट लिहून पाठव. मला समजेल असं, परीक्षेला बसल्यासारखं नको. आणि समजा एखाद्याच्या हृदयात स्टेंट बसवलाय, आणि त्याने ती रक्त पातळ ठेवायची गोळी मधेच बंद केली, तर काय होतं? डल्सीच्या नवऱ्यासाठी विचारतेय. भारी हट्टी आहे तो.

लवकर लिही. फोन मात्र करू नकोस.

तुझी,
आई


लिटल गल कोव्ह
१४ मे

प्रिय व्हर्ना,

हो, हो. डल्सीचा नवरा जाऊन सहा वर्षं झाली हे मला माहीत आहे. त्याच्या मातीनंतरचा केक मीच केला होता. घाईत दुसरं नाव सुचलं नाही. डल्सीला सांगितलं तर ती म्हणाली, "जिवंतपणी एक गोळी घेतली नाही मेल्याने, आणि आता घेतोय होय!" आणि पोट धरून हसली. मग डोळे पुसले तिने, आणि ते नुसतं हसण्याचं पाणी नव्हतं.

तू ओळखलंसच. तर ऐक, आणि मधे ओरडू नकोस.

फेब्रुवारीत छातीत स्टेंट बसवून दवाखान्यातून आल्यापासून तुझ्या बाबाला दाढी करताना जरा कापलं की रक्त थांबायचं नाव घेत नसे. हनुवटीवर कागदाचे कपटे चिकटवून नाश्त्याला यायचा, आणि मी म्हणायचे, आलं पोस्टाचं पाकीट. गेल्या महिन्यात एका रविवारी चर्चला जायच्या आधी त्याने कानाखाली चांगलंच कापून घेतलं. मी कागद घेऊन धावले, तर रक्त थांबलेलं. "बघ, सुधारतोय मी," म्हणाला. मी अख्खं प्रवचन त्या कानाकडे बघत बसले. पाद्रीबाबा काय बोलले देव जाणे. पुढच्या आठवड्यातही तेच. कापलं, पुसलं, संपलं.

गोळ्यांच्या बाटलीवर माझा डोळा होताच. त्यातली रोज एक कमी व्हायची. मग मी सरळ विचारलं. तो खोटं बोलेल असं वाटलं होतं, पण नाही बोलला. "चुलीत टाकतो," म्हणाला.

"का?"

"सेल्बीच्या बोटीवर जायचंय."

तुला सेल्बीचा नियम माहीत नसेल, तू गेल्यानंतरचा आहे. दोन हंगामांपूर्वी त्याच्या बोटीवर असाच गोळीवाला एक जण होता. खेकड्याचा पिंजरा वर ओढताना त्याचा तळहात फाटला. किनारा दूर, त्यात दाट धुकं, हेलिकॉप्टर येईना. हाताला टॉवेल गुंडाळून गुंडाळून टॉवेल संपले. माणूस वाचला, पण बोट धक्क्याला लागताच सेल्बी सगळ्यांदेखत म्हणाला, "यापुढे रक्त पातळ केलेला माणूस माझ्या बोटीवर चढणार नाही. मग तो सख्खा भाऊ का असेना." आता इथल्या सगळ्याच बोटींवर तोच नियम झालाय. आणि तुझ्या बापाने काय करावं? सेल्बीला जाऊन सांगितलं, डॉक्टरने गोळी बंद केली, मी ठणठणीत आहे! डॉक्टरने बजावलं होतं, वर्षभर एक दिवसही चुकवायची नाही, आणि बोटीचं पुढच्या हंगामात बघू. हा मात्र हात कापला तर रक्त थांबावं म्हणून छातीतलं रक्त गोठायला मोकळं सोडून बसलाय. असला हिशेब आमच्या धक्क्यावरच होतो, दुसरीकडे कुठे होत नसेल.

तुझं पत्र आज हातात पडलं तसं मी घरी नेऊन त्याच्यासमोर मोठ्याने वाचलं. रागावू नकोस. तो ऐकतो फक्त तुझं.

"रक्ताच्या नळीच्या भिंतीत चरबी साठत जाते," मी वाचलं. "ती साफ करायला पांढऱ्या पेशी भिंतीत शिरतात. चरबी खातात, आणखी खातात, इतक्या फुगतात की त्यांना परत बाहेर पडता येत नाही. तिथेच अडकून मरतात."

"पिंजराच की," तो म्हणाला. "आमिषासाठी आत शिरायचं आणि बसायचं. पुढे वाच."

"त्या मेलेल्या पेशी आणि चरबी मिळून आत गळवासारखं होतं. वरची साल पातळ होत जाते आणि एक दिवस फुटते. आतली घाण रक्ताला लागली की शरीराला वाटतं, जखम झाली. मग प्लेटलेट धावत येतात, भोक बुजवायला तिथे चिकटतात, एकमेकींना चिकटतात. दुसऱ्या जातीच्या पांढऱ्या पेशीही येतात आणि स्वतःच्या पोटातले धागे बाहेर फेकून जाळं टाकतात. त्या जाळ्यात रक्त अडकतं, गाठ पक्की होते आणि नळी बंद पडते."

"जाळं? माझ्या आत?" दुर्बीण खाली ठेवली त्याने. "परवाना आहे का त्यांच्याकडे?"

मेल्याने हसवलंच मला. रागाने बोलायचं ठरवून बसले होते, आणि पत्र हातात धरून खिदळतेय! तोही हसला. फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा हसलो गं दोघं.

मग मी पुढचं वाचलं. स्टेंट म्हणजे बाहेरचा धातू, रक्ताच्या लेखी तो उघडी जखमच. त्याच्यावर आतलं अस्तर नीट धरेपर्यंत गोळी हाच पहारा. पहारा उठवला की पुन्हा तेच, चिकटणं, जाळं आणि गाठ, आणि या वेळी दवाखाना गाठायला वेळ मिळेलच असं नाही. हे तू तीनदा अधोरेखित केलं होतंस, म्हणून मीही तीनदा वाचलं.

त्याने दुर्बिणीची काच बाहीने पुसली. मग म्हणाला, "म्हणजे बाहेरचं कुणी मारायला आलंच नव्हतं. सगळे घरचेच."

"मदतीला आलेले," मी म्हटलं.

"घात मदतीला आलेलेच करतात, एफी." आणि माझ्याकडे बघत राहिला.

मी सेल्बीला सांगीन, ही त्याला भीती. आणि ती खोटी नव्हती. माझ्या मनात तेच चाललं होतं.

व्हर्ना, पुढचं ऐक, कारण हे तुला दवाखान्यातला कुठलाच कागद सांगणार नाही. मी चिडून म्हटलं, "अरे, मरायचंय का तुला? त्या बोटीवर आहे तरी काय?" तर तुझा बाबा, ज्याने आपल्या आईच्या मातीलासुद्धा डोळ्यांतून टिपूस काढलं नाही, तो दिवाणाच्या कडेला हात घट्ट धरून म्हणाला, "इथे बसलो की मला माझे ठोके ऐकू येतात. दिवसभर. पुढचा येतो की नाही ते ऐकत बसतो. बोटीवर इंजिन चालू असतं. तिथे ऐकू येत नाहीत."

चहाचं निमित्त मला कळत होतंच, पण त्यामागे एवढं भय असेल असं वाटलं नव्हतं. त्याला मी जरा दृष्टीआड झालेली चालत नाही आणि मला तो सतत डोळ्यांसमोर असलेला सोसवत नाही. एका स्वयंपाकघरात दोन जण, आणि दोघांनाही दार सापडत नाही.

मग माझा हात धरून म्हणाला, "सेल्बीला सांगू नकोस. तू सांगितलंस तर या किनाऱ्यावर मला कुणी बोटीवर घेणार नाही. एक फेरी जाऊ दे. परत आलो की गोळी घेईन." मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. नवऱ्याची बोटीवरची जागा बायकोने घालवायची, हे आमच्याकडे कुणी केलेलं नाही. बोट सुटताना तर बायकोने धक्क्यावर पायसुद्धा ठेवायचा नसतो. तुझ्या आजीने मला लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी बजावलं होतं ते.

अजून बर्फ आहे खाडीत. आयुष्यात पहिल्यांदा मी बर्फ राहावा म्हणून प्रार्थना करतेय. वारा फिरला की बोटी निघतील. रोज सकाळी त्याच्या बशीत मी गोळी ठेवते आणि तो ती माझ्यादेखत चुलीत टाकतो. आता लपवतही नाही. तोंडात कोंबू का त्याच्या?

घाबरलेली,
तुझी आई


लिटल गल कोव्ह
२६ मे

व्हर्ना बाळा,

सेल्बीकाकाने तुला फोनवर सांगितलंच असेल. तरी माझ्या तोंडून ऐक.

मंगळवारी पहाटे वारा नैर्ऋत्येला फिरला. सकाळपर्यंत खाडीच्या मधोमध काळं पाणी दिसायला लागलं. तुझा बाबा उठून तयारच होता. रबरी बूट, पिशवी, टोपी. मला म्हणाला, "येतो." एवढंच. आणि टेकडी उतरून गेला. त्या गोळीकडे त्याने बघितलंही नाही.

मी स्वयंपाकघरात उभी राहिले. फेब्रुवारीपासून पहिल्यांदा घरात एकटी. दिवाण रिकामा. एवढी शांतता की कोंबड्या ऐकू येत होत्या. आणि तुझ्यापासून काय लपवू, क्षणभर बरं वाटलं गं. रेडिओ लावावा, पसरून बसावं असं वाटलं. त्या बरं वाटण्याचीच मला धडकी भरली. मनात आलं, एफी, यानंतर कायमच असं शांत असेल.

मी सपातांवर धावले. अंगात एप्रन, त्याच्या खिशात ती गोळी. डल्सी पोस्टाचं दार उघडत होती. तिने मला जाताना बघितलं, पण हाक मारली नाही.

इंजिन सुरू होतं. दोर सोडत होते. मला धक्क्यावर बघून बोटीवरच्या पोरांनी हातातली कामं थांबवली. सेल्बी ओरडला, "एफी, परत जा! अपशकुन करतेस?"

"करते," मी म्हटलं. "सेल्बी, त्याला उतरव. डॉक्टरने गोळी बंद केलेली नाही. त्यानेच केलीय, तुझ्या नियमासाठी. व्हर्नाने लिहिलंय, त्याच्या छातीत केव्हाही गाठ होईल. उतरव त्याला."

तुझा बाबा पिंजऱ्यांच्या ढिगाऱ्याजवळ उभा होता. तोंड पांढरंफटक. "खोटं बोलतेय ती," म्हणाला. "घरात बसून डोकं फिरलंय तिचं."

सेल्बीने इंजिन बंद केलं. त्याच्याजवळ गेला आणि अगदी हळू म्हणाला, पण सगळ्यांना ऐकू आलं, "हेडली, माझ्याकडे बघून सांग."

त्याने बघितलं नाही. पोरं पाण्यात बघत होती. सेल्बीने त्याची पिशवी उचलली, वाकून धक्क्यावर माझ्या पायांशी ठेवली आणि म्हणाला, "जा घरी, दादा." त्या "दादा"ने तो मोडला. सेल्बीने चिडून शिवी दिली असती तर त्याने सहन केली असती.

बोट गेली. तो पुढे, मी मागे, पिशवी माझ्याकडे. अख्ख्या वाटेत त्याने मागे वळून बघितलं नाही. घरी येऊन दिवाणावर बसला. मी खिशातली गोळी पुसून बशीत ठेवली, पाण्याचा पेला ठेवला. त्याने गोळी घेतली, गिळली, आणि माझ्यासमोर तोंड उघडून, जीभ वर करून दाखवली. तुरुंगातल्या कैद्यासारखी. तेव्हापासून रोज सकाळी असंच दाखवतो. बोलत मात्र नाही. माझ्याशी एक अक्षर नाही. मांजराशी बोलतो.

गावात माझ्याकडे बघून बायका गप्प होतात. दुकानात एकीने माझ्या पाठीमागे म्हटलं, "आमच्या यांना मेलेलं चालेल, पण असं धक्क्यावरून उतरवलेलं चालणार नाही." मी वळून म्हटलं, "विचारून बघितलंस का त्यांना?" चेहरा बघायला हवा होतास तिचा. पण घरी येऊन रडले. डल्सीने काल पत्रांच्या गठ्ठ्याखाली माझा हात दाबला आणि म्हणाली, "माझा माणूस गेला, त्या दिवशी सकाळी तोही छाती चोळत निघाला होता. मी धक्क्यावर गेले नाही." गिऱ्हाईक आलं म्हणून आम्ही तिकिटांविषयी बोलायला लागलो.

आता तुझ्याविषयी. तू लिहितेस, प्रयोगशाळेला रामराम ठोकते आणि कायमची घरी येते, बाबाला सांभाळते, तुला जरा मोकळीक देते. सरळ सांगते, नको. तूच लिहिलंयस ना, मदतीला आत शिरतात, खातात, फुगतात आणि मग बाहेर पडता येत नाही? मी ते वाचून दाखवताना माझ्याच जिवाला लागलं होतं. मी या घरात बावीस वर्षांची आले, तुझ्या आजीला जरा बरं नाही, हिवाळाभर मदत कर म्हणून. तो हिवाळा अजून संपायचाय. माझी तक्रार नाही. तुझा बाबा तेव्हा फार देखणा होता आणि फार हसवायचा. पण तू नको. जुलैत ये, पंधरा दिवस राहा, त्याच्याशी भांड, त्याला तुझ्या पेशींची चित्रं काढून दाखव. पण परतीचं तिकीट आधी काढ आणि दारात मला दाखव, तरच आत घेईन.

मी चुकले का, असं तू विचारलं नाहीस. उपकार तुझे. मी रोज विचारते. तो रात्री श्वास घेतो तो मी ऐकते, आता मीही ठोके मोजणाऱ्यांतली झालेय. कधी वाटतं, त्याचं इंजिन मी बंद केलं. कधी वाटतं, बरं केलं. दोन्ही खरं असेल. पुन्हा तशी सकाळ आली तर पुन्हा सपातांवर धावेन, एवढं मात्र नक्की.

काल जेवताना तो माझ्याशी पहिला शब्द बोलला. बटाट्याचा घास खाल्ला, तोंड वाकडं केलं आणि बशीकडे बघतच म्हणाला, "मीठ."

डॉक्टरने बंद केलंय ते. आणि बरणी माझ्या कोपराशी होती. एवढ्या दिवसांनी बोलला गं माणूस, आणि मागून मागितलं काय, तर चिमूटभर मीठ! माझा हात बरणीवर गेला. मी बरणी उचलली, वरच्या फळीवर ठेवली आणि परत येऊन बसले. त्याने माझ्याकडे बघितलं. मग मान खाली घालून ते अळणी बटाटे शेवटपर्यंत खाल्ले. मीही माझे अळणीच खाल्ले.

त्याला जिवंत ठेवणारी,
तुझी आई